बिऱ्हाडाचं एक वर्ष

तिची सॅक कायम भरलेली असायची. कुठे जायचं नसलं तरी. सकाळी उठली की आदल्या रात्री काढलेले कपडे, टॉवेल, कंगवा, सगळं परत सॅकमध्ये कोंबायची, पट्टे आवळायची आणि मग कॉलेजला जायची. इथे परदेशात, डून लेरी नावाच्या गावी, आमच्या घरात वरची लहान खोली आहे, तिथे ती वर्षभर भाड्याने राहिली. पण त्या खोलीतल्या कपाटात तिने एक हातरुमालसुद्धा ठेवला नाही. मी एकदा विचारलं, "अगं, कपाटात काय विंचू आहेत का?" तर म्हणाली, "नाही आजी, सामान पसरलं की मग मीपण पसरते." त्या दिवसापासून मी तिला बिऱ्हाड म्हणायला लागले. खरं नाव वृषाली. पण घरात ते कुणी वापरलं नाही. माझी नात इथेच जन्मलेली, तिच्या जिभेवर 'ऱ्हा' बसत नाही, ती 'बिराड' म्हणायची.

अशा मुली तुमच्याही ओळखीच्या असतील. प्रेशर कुकर घेऊन येतात, वर्षात मास्टर्स करतात, नोकरीला लागतात आणि मग मंडळाच्या दिवाळीत पैठणी नेसून भेटतात. बिऱ्हाडही आता नोकरीला आहे, कॉर्ककडे कुठल्याशा कारखान्यात. पण मध्ये तिने एक वर्ष घेतलं. ते वर्ष तिला मिळतंय की नाही, यावरून आमच्या घरात आणि तिच्या घरात जे झालं, ते मला सांगायचंय. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, कराडला पिठाची गिरणी चालवली, मुलाकडे येऊन राहिले. मला गोड करून सांगता येत नाही.

तिची एक खोड म्हणजे रस्ता विचारणं. ठाऊक असलेला रस्तासुद्धा विचारायची. आमच्या धक्क्यावर फिरायला येणारे म्हातारे, बसथांब्यावरच्या बायका, कोणीही चालायचं. मी म्हटलं, "तुझ्या फोनमध्ये नकाशा असतो ना?" म्हणाली, "असतो. पण नकाशा चहा पाजत नाही." आणि खरंच कुणाच्या ना कुणाच्या घरी चहा पिऊन यायची. आमच्या शेजारच्या नोरीनकडे मी सहा वर्षं कुंपणावरूनच बोलत होते. ही आली आणि पहिल्याच आठवड्यात नोरीनच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकिगत ऐकून आली.

परीक्षा झाल्या, प्रबंध दिला. माझा मुलगा सतीश औषधांच्या कारखान्यात आहे, त्याने तिथे शब्द टाकला होता आणि तिला नोकरीचं पत्रही आलं होतं. त्या रविवारी मी पुरणपोळ्या केल्या. दुसरी पोळी ताटात पडली तेव्हा ती म्हणाली, "दादा, मी जॉइन नाही होत."

"म्हणजे?"

"वर्षभर फिरणार आहे."

सतीश हसला. "फिर की. पंधरा दिवस घे. पॅरिस बघ, रोम बघ."

"पॅरिस नाही. इथेच. हा देश मी नुसता डार्ट लोकलच्या खिडकीतून बघितलाय."

सतीशचा घास हातातच राहिला. "वेडी आहेस का? शिक्षण झाल्यावर दोन वर्षं राहायला देतात, ती नोकरी शोधायला. लोक त्यासाठी देव पाण्यात घालून बसतात. तू त्यातलं अर्धं मेंढ्या बघण्यात घालवणार?"

"मेंढ्याही बघीन."

माझी सून मेघना म्हणाली, "आणि पुढे कुणी विचारलं, या वर्षात काय केलं, तर?"

"फिरत होते म्हणेन. खोटं काय आहे त्यात?"

मी विचारलं, "खाणार काय?"

"प्रवाशांच्या हॉस्टेलात काम केलं की राहायला-जेवायला मिळतं, आजी. चादरी बदलायच्या, संडास धुवायचे."

"संडास धुवायला मास्टर्स केलंस?"

"इथलेपण मीच धुते की. तिथे निदान खिडकीतून समुद्र दिसेल."

सतीश उठून गेला. ती ताट संपवून उठली, भांडी विसळली आणि माझ्याजवळ येऊन बसली. तेव्हा जे बोलली ते मला आवडलं असं नाही, पण लक्षात राहिलं. "आजी, शाळा संपली, कॉलेज. कॉलेज संपलं, इकडे. आता नोकरी. मग लग्न. मध्ये कुणी थांबवतच नाही. बाबांच्या गाड्यांनासुद्धा विनंती थांबा असतो. मला एक विनंती थांबा पाहिजे."

तिचे बाबा संगमनेरच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. वाहतूक नियंत्रक, पण सगळे कंट्रोलरच म्हणतात. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं. निवृत्त झाले तरी आवाज तसाच राहिला होता. फोनवर बोलले तरी वाटायचं, आपली गाडी सुटतेय. बिऱ्हाड म्हणायची, "बाबांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या. नाशिकच्या पलीकडे स्वतः एकीत बसले नाहीत."

त्यांना तिने सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि आम्ही सगळे तिथेच होतो. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "गाडी एकदा लागली की मध्ये उतरायचं नसतं." ती म्हणाली, "बाबा, विनंती थांबा असतो." मग म्हणाले, "फोन सतीशच्या आईकडे दे."

मी फोन घेतला.

"मावशी, तुम्ही वडीलधाऱ्या. ही माझ्याशी बोलली की भांडण होतं. तेव्हा दर गुरुवारी हिने सकाळी तुम्हाला फोन करायचा. तुम्ही मला कळवायचं. एक गुरुवार चुकला की वर्ष संपलं. पुढच्या गाडीने परत. मी विमान म्हणतोय."

"साहेब, मी काही पोलीस नाही."

"पोलीस नकोत, मावशी. कंट्रोलर पाहिजे."

मी बिऱ्हाडाकडे बघितलं. ती म्हणाली, "कबूल." एवढंच. मला वाटलं होतं, घासाघीस करेल, दोन दिवसांची सवलत मागेल. पण तिने मागितली नाही. ही तिची दुसरी सवय. एकदा कबूल म्हटलं की त्यावर बोलायची नाही.

सप्टेंबरात ती गेली. जाताना खोली झाडली, चादर धुऊन वाळत घातली. सतीश दारापर्यंतही आला नाही. आणि मग माझे गुरुवार सुरू झाले. सकाळी सगळे कामाला गेले की मी फोन टेबलावर ठेवून भाजी निवडत बसायची. तिचा फोन आला की पहिला शब्द ठरलेला, "आजी, आहे." वर्गात हजेरी देतात तसा. मग कुठे आहे, काय खाल्लं. केरीत पाऊस, क्लेअरमध्ये पाऊस, गॉलवेत पाऊस आणि वर वारा. मी तिला म्हणायची, "बघायला काय मिळतं गं त्या पावसात?" ती म्हणायची, "पावसात कोण येतं ते बघायला मिळतं." कुठे कुणाच्या घरी बटाटे खणले, कुठे कुणाच्या आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. ऐकताना बरं वाटायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

फोन ठेवला की मी संगमनेरला लावायची. एका रिंगमध्ये उचलला जायचा. "आहे," मी म्हणायची. "कुठे?" मी गाव सांगायची, ते मला म्हणता यायचं नाही, त्यांना ऐकू यायचं नाही. "गाडी कोणती?" "पायी." मग तिकडे मोठा श्वास. तिच्या आईने एकदा मला हळूच सांगितलं, दर गुरुवारी हे फोनवर विमानाचं तिकीट भरून ठेवतात. नाव, दिवस, सगळं. नुसतं बटण दाबायचं बाकी असतं. माझा फोन आला की पुसून टाकतात. हे कळल्यावर माझी भाजी निवडायची गत बदलली. मेथीच्या काड्या भाजीत आणि पाला कचऱ्यात जायला लागला. हिवाळ्यात एकदा वादळ झालं, तारा तुटल्या आणि तिचा फोन उशिरा आला. तोवर त्यांचे दोन येऊन गेले होते. मी तिला झाडलं, "तुझ्या हौसेपायी मला कशाला ताटकळत ठेवतेस?" ती म्हणाली, "चुकला तर नाही ना, आजी?" तिला दुसरी कसली भीती नव्हती, फक्त ही होती.

मार्चमध्ये ती मेयोत होती. समुद्राकाठचं एक लहान हॉस्टेल, वीस-पंचवीस घरांची वस्ती, मागे डोंगर. अर्धं वर्ष झालं होतं. त्या गुरुवारी माझा चहा झाला, आंघोळ झाली, भाजी निवडून झाली. फोन नाही. मी लावला तर लागत नव्हता. मी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या. मग फोन वाजला, तो संगमनेरचा.

"मावशी, तुमच्याकडून कोणी गेलं का तिला आणायला?"

"नाही. का?"

"मी हॉस्टेलला फोन केला होता. मी स्वतः, इंग्रजीत. तिथल्या बाई म्हणाल्या, शी वेंट विथ युअर मॅन. मी म्हटलं, माय मॅन? तर म्हणतात, येस, युअर मॅन, सकाळी व्हॅन घेऊन आला, ती त्याच्याबरोबर गेली." त्यांचा माइकवरचा आवाज पार गेला होता. "मावशी, मी कुणालाच पाठवलं नाही. आमचा माणूस म्हणून कोण आलं? आमचं नाव सांगून कोण घेऊन गेलं तिला?"

मागे तिची आई रडत होती. आपल्याकडे 'तुमचा माणूस आलाय' म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो. घरचं कुणीतरी, घराने पाठवलेलं. त्यावर विश्वास ठेवून मुलगी गाडीत बसते. असं फसवून नेलेल्या मुलींच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. सतीशला फोन लावला. तो कारखान्यात आत गेला की फोन कुलपात ठेवावा लागतो, लागला नाही. मेघना बॉल्सब्रिजला ऑफिसात, तिने उचलला नाही. मी गॅस बंद केला आणि घरातल्याच चपलांनी नोरीनच्या दारात गेले.

माझं इंग्रजी म्हणजे दुकानापुरतं. "गर्ल गॉन. मॅन टेक. फोन," एवढं सांगून हॉस्टेलचा नंबर तिच्यापुढे धरला. नोरीनने काही विचारलं नाही, लगेच फोन लावला. पलीकडच्या बाईशी बोलता बोलता तीसुद्धा म्हणाली, "आह, विथ युअर मॅन, राइट."

मी तिचं मनगट धरलं. "नो! नॉट अवर मॅन! अवर मॅन नो!"

नोरीन माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिने मला खिडकीशी नेलं. बाहेर पिवळं जाकीट घातलेला एक जण कचऱ्याचे डबे ओढत होता. "युअर मॅन," ती म्हणाली. मग टीव्हीवर बातम्या देणाऱ्याकडे बोट दाखवलं. "युअर मॅन." मग भिंतीवरच्या पोपकडे. "युअर मॅन." म्हणजे या देशात दिसेल तो पुरुष युअर मॅन. अमका, तो, ज्याचं नाव घ्यायचा कंटाळा आलाय तो. इतकी वर्षं ती कुंपणावरून युअर मॅन म्हणायची, तेव्हा मला वाटायचं सतीशबद्दल बोलतेय, आणि मी "ऑफिस, ऑफिस" असं उत्तर द्यायची.

मला हसू यायला लागलं होतं. नोरीनही हसत होती. तेवढ्यात फोनवरची बाई पुढे काहीतरी बोलली आणि नोरीनचं हसू थांबलं.

हॉस्टेलवर नुकताच निरोप आला होता, तो थोडंथोडं करून तिने मला समजावला. तो माणूस म्हणजे टॉम. सत्तरीच्या पुढचा, एकटा, डोंगरावर त्याच्या मेंढ्या. विण्याचे दिवस होते, म्हणून बिऱ्हाड रोज सकाळी त्याच्याबरोबर मेंढ्या बघायला जायची. त्या दिवशी वर डोंगरात तो पडला. छातीत कळ. फोनला रेंज नाही. तिने आपला कोट काढून त्याच्यावर घातला, कुत्र्याला तिथे बसवलं आणि भर पावसात धावत खाली रस्त्यावर आली. एक गाडी थांबवली. आता दोघंही कासलबारच्या हॉस्पिटलात. मुलगी बरी आहे. "ग्रँड," नोरीन म्हणाली. नोरीनला ताप असला तरी ती ग्रँडच असते, म्हणून मी तीनदा विचारून घेतलं.

मी संगमनेरला फोन केला. आधी सांगितलं, मुलगी धडधाकट आहे. मग सगळं सांगितलं. युअर मॅनचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तिकडे त्यांची बायको देवाला नमस्कार करत असावी, घंटीचा आवाज आला. मग ते म्हणाले,

"आणि फोन?"

"कोटाच्या खिशात होता. कोट त्या म्हाताऱ्यावर."

"म्हणजे चुकला."

"चुकला," मी म्हटलं. खोटं काय सांगू?

"तिकीट काढतो, मावशी. बुधवारचं."

सतीश घरी आला आणि आम्ही तसेच कासलबारला निघालो. पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बिऱ्हाड कॉरिडॉरमध्ये बाकावर बसली होती. अंगात कुणाचातरी ढगळ स्वेटर, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघितल्यावर म्हणाली, "आजी, आहे." आणि लगेच, "फोन चुकला ना?"

"चुकला."

"बाबा?"

"बुधवारचं तिकीट."

तिने मान हलवली. सतीश म्हणाला, "अगं, मी बोलतो त्यांच्याशी. कुठल्या परिस्थितीत चुकला ते बघायला नको?" हा तोच सतीश, जो पुरणपोळी टाकून उठला होता. ती म्हणाली, "नको दादा. कबूल म्हटलं होतं. चुकला तर चुकला." मग खाली बघत म्हणाली, "पण बुधवारपर्यंत इथेच थांबते. याचं कुणी नाही. अमेरिकेत एक बहीण आहे, तिला फोनवर ऐकू येत नाही."

एक नर्स आली आणि तिला विचारलं, "आर यू विथ युअर मॅन?" ती म्हणाली, "येस." आणि उठून आत गेली.

मी तिथूनच संगमनेरला फोन लावला. कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, पोरीने शब्द मोडला असता तर तुम्ही ओरडला असता. ती तर पाळतेय. अशा पोरीला घरी आणून काय करणार?" ते म्हणाले, "मावशी, एक गाडी उशिरा सोडली की मागच्या दहा अडकतात. नियम म्हणजे नियम." मी म्हटलं, "तिथे पलंगावर माणूस आहे, गाडी नाही." ते म्हणाले, "तुम्ही यात पडू नका." मला राग आला. मीच फोन ठेवला.

टॉम शनिवारी गेला. मंगळवारी अंत्यविधी ठरला, आणि बुधवारी तिचं विमान. इथे चर्चमध्ये वर कॅमेरा लावलेला असतो. ज्यांना जाता येत नाही ते घरून बघतात. सतीशने संगमनेरलाही त्या कॅमेऱ्याचं चित्र पाठवलं. का पाठवलं, मी विचारलं नाही. मंगळवारी सकाळी नोरीन आमच्याकडे आली, लॅपटॉपवर चर्च लावून दिलं. फोनवर कंट्रोलरसाहेब होते. आम्ही इथे, ते तिथे, चित्र एकच.

"ती दिसत नाही," ते म्हणाले.

"पहिल्या बाकावर बघा. कडेला."

"पहिल्या बाकावर घरचे बसत असतील ना?"

"असतील. याला घरचे नाहीत."

पाद्री बोलत होता. आम्हाला कुणालाच ते कळत नव्हतं. नोरीन मध्येच हाताने छातीवर क्रूस काढायची. मग शवपेटी उचलायची वेळ आली. खाली चाकं होती, त्यावरून पेटी दारापर्यंत आणली, आणि तिथून पुढे खांद्यावर. सहा जण लागतात. पाच पुढे झाले. सहावा एक म्हातारा होता, त्याने वाकून बघितलं आणि गुडघ्याला हात लावून मान हलवली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात बाकावरून बिऱ्हाड उठली.

"काय करतेय ही?" संगमनेरहून आवाज आला.

तिने खाली वाकून खांदा लावला. शेजारच्या माणसाने तिच्या पाठीवरून हात टाकून तिचा दुसरा खांदा धरला, इथे तशीच पद्धत आहे. पेटी वर गेली. हळूहळू सगळे दाराबाहेर गेले आणि चित्रात रिकामे बाक राहिले.

"खांदा दिला तिने," ते म्हणाले.

त्यांच्या मागून तिची आई विचारत होती, "बायकांनी चालतं का त्यांच्यात?" माझा नवरा गेला तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत गेले होते. त्याच्या पुढे बायकांना वाट नव्हती. मी लॅपटॉपमधल्या रिकाम्या बाकांकडे बघत बसले. नोरीन चहा करायला उठली.

फोन चालूच होता. मला वाटलं, गेले असतील. मग त्यांनी घसा साफ केला.

"मावशी."

"बोला."

"खांदा दिला म्हणजे सुतक लागलं."

मी फोन जवळ ओढला.

"सुतकात प्रवास नाही करायचा. तेरा दिवस तिने गाव सोडायचं नाही. बरोबर ना?"

आता, परक्याला खांदा दिला तर घरी येऊन आंघोळ केली की सुटलं. हे मला ठाऊक आहे. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक गाडी नियमाबाहेर सोडली नाही, त्याला तर पक्कं ठाऊक. मी कुणालाही तोंडावर सांगणारी बाई आहे. चुकलं तर चुकलं म्हणते.

"बरोबर," मी म्हटलं.

"उद्याचं तिकीट रद्द करायला लागेल."

"करा."

"त्या मेंढ्यांचं आता कोण बघतंय?"

"तीच."

"हं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी बिऱ्हाडाला निरोप दिला. ती म्हणाली, "आजी, परक्याचं सुतक असतं का?" मी म्हटलं, "असतं. तुला काय कळतंय त्यातलं? गप बस तिथे." ती गप बसली. त्या दिवसांत ती हॉस्टेलच्या कामाआधी आणि कामानंतर डोंगरावर जायची. वस्तीतली माणसं बारी लावून तिच्याबरोबर जायची. मला रोज फोन करायची, गुरुवारची वाट न बघता. मी विचारायचं नाही ठरवलं होतं, पण एकदा विचारलं, "तेरा दिवसांनंतर काय गं?" म्हणाली, "माहीत नाही, आजी. बाबा काही बोलत नाहीत. मीपण विचारत नाही." सतीश रोज संध्याकाळी मला विचारायचा, "काही कळलं का?" मी म्हणायची, "नाही."

तेराव्या दिवशी संगमनेरला तिच्या आईने खीर-पुरी केली आणि शेजारपाजारच्या पाच जणांना जेवायला घातलं. कुणाचं तेरावं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "आमच्या मुलीकडचं एक माणूस होतं." संध्याकाळी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे ते दोघं, इकडे मी आणि सतीश, आणि एका चौकोनात बिऱ्हाड. मागे वारा सुटलेला, केस सगळे तोंडावर. अर्ध्या वर्षात बाप-लेक पहिल्यांदा समोरासमोर आले होते. कंट्रोलरसाहेबांनी नवा शर्ट घातला होता. सतीश टेबलाखाली पाय हलवत होता, मी त्याला चापट मारली.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"जेवलो. सुतक फिटलं," ते म्हणाले. "आता तू मोकळी."

ती जवळ आली, तिचा चेहरा चौकोनभर झाला. "मोकळी म्हणजे, बाबा? यायला मोकळी की फिरायला?"

त्यांनी बायकोकडे बघितलं, मग वर कुठेतरी. मग अगदी माइकवरच्या आवाजात म्हणाले,

"मोकळी म्हणजे मोकळी."

सतीशला वाटलं, आता ही सॅक उचलून उत्तरेकडे सुटणार. पण ती आणखी दोन आठवडे तिथेच राहिली. एक मेंढी विण्याची राहिली होती.